सेन्सरला हात लावू नका

“पंखा बंद कर! श्वाससुद्धा लांबूनच घे!” नवरा गरजला. इंजिनात जाणारी हवा मोजणारा गाडीचा सेन्सर त्यानं स्प्रेनं धुऊन तिच्या जेवणाच्या ताटात वाळत ठेवला होता.

“गॅरेजवाल्यानं दहा मिनिटांत केलं असतं,” ती म्हणाली.

“तो लुटारू आहे. मी तीन व्हिडिओ बघितलेत. यातली तार केसाहून बारीक असते, धुळीचा कण बसला तरी गाडी रुसते. तुला यातलं काय कळतंय? मध्ये बोलायचं नाही.”

तिनं पदरानं घाम पुसला.

मग आंघोळ करून तो खंडेनवमीच्या पूजेला बसला. पाटावर पान्हे, पकड आणि मधोमध मोठ्या कौतुकानं सेन्सर. त्यावर हळद, कुंकू, अक्षता. बोलायची बंदी असल्यामुळे तिनं नुसती घंटा वाजवली. पूजेचं कुंकू पुसू नये, म्हणून त्यानं सेन्सर तसाच गाडीत बसवला.

दसऱ्याला तिच्या माहेरी निघताना गाडी फाटकातच आचके देत बंद पडली.

“सेन्सरला हात कुणी लावला?” तो कडाडला.

“हात कुणीच नाही लावला,” ती शांतपणे म्हणाली. “कुंकू मात्र तुम्हीच लावलंत.”