चौथ्या वाणाचं सातवं फळ

ताटात अठ्ठेचाळीस टोमॅटो होते. देशी वाण सहा, प्रत्येकाची फळं आठ. सत्तेचाळीस धड, एक दबलेलं.

तिने तपासणीच्या वहीत लिहिलं, ‘वाण चार, फळ सात : वाहतुकीत दबलं, बाद.’ ही तिसरी खेप. दर खेपेला एक फळ असंच बाद होत होतं. मागच्या खेपेतल्या फळावरून तिने सकाळीच टेम्पोवाल्याला फैलावर घेतलं होतं. तो म्हणाला, “ताई, अंड्यासारखी जपून आणतो. तुमच्या घरातच उंदीर असेल, बघा.”

फळं बाबांच्या खोलीत ठेवावी लागत. घरात तेवढीच एक खोली थंड. खाटेच्या उजव्या अंगाला खिडकीची फळी, फळीवर ताट, पलीकडे तिचं टेबल. सात महिन्यांपूर्वी पक्षाघाताने बाबांची उजवी बाजू गेली, तेव्हापासून तिचं जग या खोलीएवढं झालं होतं. पाणी पाजायला तीच, कूस वळवायलाही तीच. दूरच्या एका संशोधन संस्थेत तिची जागा ठरलेली होती. संस्थेने दोनदा मुदत वाढवून दिली. तिसरी मुदत सोमवारी संपत होती.

बाबा चाळीस वर्षं बाजारात टोमॅटोचे घाऊक व्यापारी होते. उजव्या अंगठ्याने फळ दाबायचं आणि भाव सांगायचा. सही झोकदार येत असूनही बाजार त्यांना अंगठेबहाद्दर म्हणायचा. त्या अंगठ्याचं नख एकदा पेटीच्या खिळ्याने मधोमध दुभंगलं, ते पुन्हा कधी जुळलं नाही.

तिने चौथ्या वाणाच्या रसाचा थेंब साखर मोजायच्या यंत्राच्या काचेवर ठेवला. साखर सात पूर्णांक दोन टक्के. बाजारातल्या संकरित फळात साडेचार भरली होती. क जीवनसत्त्वही याच्यात जवळजवळ दुप्पट.

“बाबा, तुमच्या मालाला हरवलं की हो याने!”

“गोड असून काय उपयोग?” जीभ जड झाली होती, पण ठसका तोच. “साल पातळ. असला माल... घरीच ठेवायचा. लांब पाठवायचा नाही.”

पाच वाजता फिजिओथेरपिस्ट आला. बोटांचा जोर मोजायचा काटा त्याने बाबांच्या उजव्या अंगठ्यात आणि बोटात दिला.

“लावा जोर, काका. भाव पाडायचाय समजा.”

काटा दोनशे ग्रॅमवर गेला आणि हातातून गळून पडला.

“किलोभर जोर आला की पेला स्वतः धरतील,” तो तिला दाराशी म्हणाला. “मग दिवसातून दोनदा कुणी येऊन गेलं तरी भागेल. तोवर एकटं सोडायचं नाही.”

“कधी येईल तेवढा?”

“सहा महिने. वर्षही लागेल. फळ अजून हिरवं आहे.”

तो गेल्यावर तिने संस्थेला पत्र लिहायला घेतलं. ‘मी येऊ शकत नाही’ एवढंच लिहायचं होतं. पहिला शब्द लिहून ती थांबली. बाद फळ टाकून यावं म्हणून उठली.

फळावरचा खड्डा गोल होता. कडेला नखाची कोर उमटली होती. सलग नव्हती. दोन अर्ध्या कोरी, मध्ये बारीक फट.

तिने बाबांकडे पाहिलं. ते भिंतीकडे बघत होते. उजवा हात पांघरुणाखाली होता.

ती फळ घेऊन टेबलापाशी बसली. खड्ड्याची खोली मोजली, तीन मिलिमीटर. मग चौथ्या वाणाचीच तीन धड फळं घेतली. दाबमापकाला अंगठ्याएवढी चकती लावली आणि प्रत्येक फळावर तेवढाच खड्डा उमटेपर्यंत दाब वाढवत नेला.

“काय... मोजतेस?” बाबांनी भिंतीकडे बघतच विचारलं.

“चौथा वाण, बाबा.”

तीन आकड्यांची सरासरी तिने दोनदा काढली. वहीतल्या ‘वाहतुकीत दबलं’वर काट मारली आणि शेजारी लिहिलं : एक किलो सहाशे ग्रॅम.