जवसाचे तेल

पंधरवड्याच्या तापातून उठून तौफीक कैरोच्या जुन्या वस्तीतल्या बयूमीच्या हातगाडीपाशी आला, तेव्हा सकाळच्या न्याहारीची त्याची जागा भरलेली होती. फळीच्या टोकाशी नेहमीप्रमाणे वग्दी उभा होता. त्याच्या समोर गल्लीतला नवा न्हावी हिल्मी रोटीचा तुकडा बुडवीत होता. ताटली दोघांत एकच. रात्रभर मंद आचेवर शिजलेल्या बाकल्याच्या दाण्यांवर तूप चकाकत होते.

"अरे, उठलास!" वग्दी आनंदाने म्हणाला. "ये, ये. हिल्मी, सरक जरा."

"राहू दे. दोघांत तिसरा कशाला?" तौफीक फळीच्या दुसऱ्या टोकाला गेला. "बयूमी, एकट्यापुरतं वाढ."

"हाजी, तुमचं एकट्याचं माप मला ठाऊकच नाही."

"शिकून घे. आता तेच लागणार."

बयूमीने अरुंद गळ्याच्या हंड्यात लांब पळी घातली, दाणे ताटलीत काढून ठेचले, जिरे आणि लिंबू घातले, आणि न विचारता वरून जवसाचे तेल सोडले.

तौफीक खाली मान घालून खाऊ लागला. पलीकडे हिल्मी काही बोलला आणि वग्दी खळखळून हसला. तौफीकने मान वर करून पाहिले. मग त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली आणि त्याला बरे वाटले. वग्दी उघड्या डोळ्यांनी खात होता. तौफीकबरोबरच्या एका ताटलीत, अगदी तरुणपणापासून, पहिला घास घेताना तो डोळे मिटून घेई. म्हणजे ती गोडी या न्हाव्याच्या संगतीत नव्हती.

"तुपात काय आहे?" तो पलीकडे ऐकू जाईल अशा बेताने बयूमीला म्हणाला. "चव असते ती जवसाच्या तेलात. ज्याला कळते त्यालाच कळते."

"छे हो काका," हिल्मी भाबडेपणाने म्हणाला, "वग्दीकाकांना तर त्याच्या वासानंच मळमळतं. पहिल्याच दिवशी सांगितलं त्यांनी."

वग्दीने त्याला कोपराने ढोसले. पण उशीर झाला होता.

तौफीकचा हात ताटलीवरच थांबला. "मग इतकी वर्षं?"

"तुला आवडायचं," वग्दी ओशाळून म्हणाला. "आणि ताटली तर एकच होती."

बयूमीने उगाच फळी पुसायला घेतली. वग्दी आपली उरलेली रोटी घेऊन या टोकाला आला. "सरक," तो म्हणाला. त्याने तुकडा मोडला, जवसाच्या तेलात नीट बुडवला, तोंडाशी नेला आणि डोळे मिटले.