आत औषध तेच

"वैजनाथ, ही गोळी पांढरी कशी रं? माझी तर गुलाबी आसती," बनुबाईनं पट्टी काउंटरवर उलटसुलट करून पाहिली.

"कंपनी बदलली मावशी. आत औषध तेच."

धडधडीत खोटं बोलला लेकाचा! फिटांची ती गुलाबी गोळी सोनईतल्या त्याच्या मेडिकलात कधीची येत नव्हती. नगरचा होलसेलवाला फोनच उचलेना. पांढरी होती वेगळ्याच औषधाची, तीही कमी जोराची. डॉक्टरांना विचारायला हवं होतं, पण 'नाही' म्हटलं की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं.

त्याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे, गुलाबी गोळ्या त्याच्याकडे होत्या. त्याच्या आईला, चांगुणाबाईला, हाच आजार. तिच्यापुरत्या त्यानं गुपचूप बाजूला काढल्या होत्या; थोड्या घरी तिच्या डब्यात, एक पट्टी दुकानाच्या ड्रॉवरमध्ये. आधी घर, मग गाव, अशी त्यानं मनाची समजूत घातली होती.

"तू दिली म्हंजे बरूबरच आसंल," बनुबाई म्हणाली. "आक्काला सांग, दुपारी वाती वळायला ये. तिचा चष्मा माझ्याकडंच ऱ्हायलाय."

आक्का म्हणजे चांगुणाबाईच. चष्मा, विरजण, सांडगे, या दोघी म्हाताऱ्यांचं सगळं एकमेकींच्याच घरी सापडायचं. वैजनाथनं हसून मान डोलावली, पण तिच्या डोळ्यांत बघायचं त्याचं धाडस झालं नाही.

दोन-चार दिवसांनी जेवताना आईनं विचारलं, "बनुला कसली रं गोळी दिली? तिला घेरी येती, पोटात डचमळतं."

त्यानं भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. "औषध तेच आहे गं. होईल सवय."

"मंग झालं तर. माझं पोरगं वंगाळ काय द्यायचं न्हाई."

वैजनाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी हात धुऊन तो दुकानाकडं निघाला.

पुढच्याच आठवड्यात भरदुपारी अजिनाथ चहावाला धापा टाकत दुकानात शिरला. "बनुबाईच्या ओट्यावर लई गर्दी झालीय! फीट आली म्हनं. दातखीळ बसलीय."

 ड्रॉवरमधली पट्टी मुठीत धरून वैजनाथ अनवाणीच पळत सुटला. आता सगळ्यांदेखत सांगायचं, मावशी, मी तुला फसवलं, माझ्या आईसाठी तुझ्या जिवाशी खेळलो. गावानं तोंडात शेण घातलं तरी चालेल. शरमेनं त्याची मान वर होत नव्हती.

माणसं बाजूला सरली. दारात बनुबाई उभी होती. धडधाकट. डोळ्यांना पदर लावलेला.

"ती पांढरी गोळी मला सोसंना रं पोरा," ती हुंदके देत म्हणाली. "म्हनून आक्कानं तिच्या गुलाबी मला दिल्या, आन् माझ्या पांढऱ्या सोता घेतल्या. म्हनली, आत औषध तेच हाय, माझ्या वैजूनंच सांगितलंय."