सेनलिनचे गाल

"बघ, मान बघ त्याची! बगळा बरा." आईने रिमोट पडद्याकडे रोखला.

"टीव्हीचा दोष आहे, आई," योंगफू म्हणाला. "हल्लीचे कॅमेरे रुंद चित्र काढतात. तुझा टीव्ही जुना, चौकोनी. रुंद चित्र त्यात कोंबलं की माणसं लांबुडकी दिसतात."

"मग नीट बसव ना. एवढं दुरुस्तीचं दुकान काढून बसलायस काओश्युंगला, आणि आईच्या घरी ही तऱ्हा!"

म्हणून तर तो रविवारचं दुकान बंद ठेवून, तासभर स्कूटर हाकत तोंगकांगला, आईच्या गावी आला होता.

पडद्यावर त्याचा धाकटा भाऊ सेनलिन बसला होता. समोर गोल थाळी, थाळीत वाढदिवसाचे, पीचच्या आकाराचे गुलाबी पाव. "आई, सत्तरी पूर्ण झाली, आता शंभर गाठ," तो हसून म्हणत होता. "कारखान्यात फार घाई आहे गं, नाहीतर आलोच असतो."

कसली घाई आणि कसलं काय! महिनाभर सेनलिन काओश्युंगच्या रुग्णालयात पडून होता. पोटातून मोठी गाठ काढली होती, पुढचं काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणत होते. आता यंत्रात फिरत असलेली ही व्हिडिओची तबकडी योंगफूनेच रुग्णालयाच्या उपाहारगृहात चित्रित केली होती, भावाला स्वतःचं जाकीट घालून. आईचं हृदय तोळामासा. बाप गेला तेव्हा तीही जाता जाता वाचली होती. हे कळलं तर ती उरायची नाही, हे दोघा भावांनी ठरवूनच टाकलं होतं.

आणि मुलामा देण्याच्या त्या कारखान्यात सेनलिनला चिकटवलं होतं कुणी? योंगफूनेच. मासेमारीच्या नावेवर नको, जमिनीवर राहा, म्हणून. बारा वर्षं तो ॲसिडच्या वाफा गिळत राहिला. वाफांमुळेच हे झालं असं डॉक्टर म्हणाले नव्हते. योंगफूला मात्र रात्रंदिवस तेच वाटत होतं.

त्याने तबकडीच्या यंत्रातली पडद्याच्या आकाराची सेटिंग उघडली. वरखाली काळ्या पट्ट्या, मध्ये चित्र. मांडणी अगदी बरोबर होती. पडद्यावरची थाळीही गोलच्या गोल होती. टीव्हीत काडीचा दोष नव्हता. बारीक झाला होता तो सेनलिनच.

"सापडलं का?" आईने विचारलं.

"सापडलं," तो म्हणाला.

मग त्याने टीव्हीची दोन बटणं एकदम दाबून सेटिंगची आतली यादी उघडली. ती फक्त दुरुस्तीवाल्यांना ठाऊक असते. चित्राची उंची एकेक घर कमी करत गेला. पट्ट्या जाड झाल्या. सेनलिनची मान आखूड झाली, खांदे पसरले, गाल भरले. थाळी मात्र बिचारी चपटी झाली.

"अजून थोडं," आई म्हणाली. "लहानपणी कसा लाडूसारखा होता!"

"अजून केलं तर थाळी बिघडेल, आई."

"थाळी कुणाला बघायचीय?"

त्याने आणखी दोन घरं उतरवली. "आता बातम्या देणारी बाईसुद्धा फुगलेली दिसेल हं."

"दिसू दे मेलीला. खाऊन-पिऊन सुखी आहे म्हणेन."

आई हसली. योंगफूही हसला, आणि हसता हसता त्याला स्वतःची इतकी किळस आली की तो तोंड फिरवून पेचकस पिशवीत भरत बसला. पोटच्या पोराचं दुखणं आईपासून लपवायचं, आणि वर खोटे गाल दाखवून तिला खूश करायचं!

"आता बरं वाटतंय ना तुला?" त्याने विचारलं.

"हो रे बाबा. तुला?"

"मला काय झालंय?"

"काही नाही. जेवून जा म्हटलं तर थांबायचा नाहीस. थांब जरा."

ती आत गेली आणि थर्मास घेऊन आली.

"जिताडा माशाचं सार आहे, आलं घालून. टाके लवकर भरतात याने. कोमट व्हायच्या आत पाज त्याला."

योंगफूच्या हातातली पिशवी खाली पडली.

"एरवी मीच नेऊन देते, पण आज गुडघ्यांमुळे बस चढवत नाही, म्हणून तुझ्या हाती देतेय," आई म्हणाली. "आणि हे बघ, मला सगळं ठाऊक आहे हे दादाला कळू देऊ नकोस, तो जिवाला लावून घेईल, अशी शपथ घातलीय सेनलिनने मला. तेव्हा सार बाजारातून आणलं म्हणून सांग."