चेहरा स्पष्ट हवा

"हात थरथरला तरी चित्र हलणार नाही," हितेंद्रभाऊ म्हणाले आणि खोक्याचं सील त्यांनी कामिनीच्याच हातून फोडून घेतलं. आत कॅमेरा तोलून धरणारी काळी दांडी होती. "नवंकोरं गिंबल, ताई. तुमच्याआधी कोणाचा हातसुद्धा लागलेला नाही."

जळगावातलं हे दुकान कामिनीने याआधी दोनदा रस्त्यापलीकडूनच पाहिलं होतं. धुळ्याच्या एका चॅनेलला ती बातम्या पाठवायची. तिची कालची बातमी संपादकांनी परत केली होती. "बाकी सगळं झकास. पण मुख्य माणूसच हलतोय, धूसर दिसतोय. उद्या चारपर्यंत त्याचा चेहरा स्पष्ट दिसला नाही, तर काम दुसऱ्याला देईन."

सोबत फैजपूरहून तिचे मामा आले होते, शालिग्रामनाना. आयुष्य केळीच्या बागेत गेलेलं. एका पायाचा मोनोपॉड पाहून ते भलतेच खूश झाले.

"हा तं केयीले लावतो तो टेका! घड हालत नाही त्यानं."

"नाना, टेका जागेवर उभा राहतो. बातमीच्या मागे पळावं लागतं," हितेंद्रभाऊ हसले.

गिंबल उलगडताना सांध्यातून एक पिवळा तांदूळ काउंटरवर पडला. नानांनी तो चिमटीत धरला.

"अक्षता दिसते."

"दुकानात रोज पूजा असते ना. शुभशकुन समजा!"

कामिनीने आपला कॅमेरा गिंबलवर चढवला. "तुमच्यावरच ट्रायल घेऊ का, भाऊ? चालत चालत बोला."

भाऊंनी मिशांवरून हात फिरवला. "काय बोलू?"

"मालाबद्दलच. हे सगळं नवं आहे ना?"

"एकही वस्तू वापरलेली नाही! सील बघा. हितेंद्रचा शब्द आहे." बोलत बोलत ते मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि वळून उभे राहिले. कामिनी पाठोपाठ होतीच. चित्र जराही हललं नाही.

"आता फोकस बघते. तुमच्यावरून मागे नेते, मग परत तुमच्यावर आणते."

मागच्या खोलीत त्यांचा नोकर योगराज हेअर ड्रायरने खोक्यांवर प्लास्टिक बसवत होता. कामिनीने रिंग फिरवली. आधी खोकी स्पष्ट झाली, मग भाऊंच्या मिशा.

"कसं वाटलं?"

"एक नंबर!" कामिनी मनापासून हसली. तिचा जीव भांड्यात पडला होता. विकत मात्र तिने मोनोपॉडच घेतला. नानांपुढे कोणाचं चालतं!

"ट्रायलचा व्हिडिओ मलाही पाठवा हां," भाऊंनी दारापर्यंत येऊन आठवण केली.

"चार वाजता नक्की."

बरोबर चारला फोन वाजला. भाऊंनी हौसेने योगराजला हाक मारली. "ये, बघ आपण कसे हिरो दिसतो!"

खरंच दिसत होते. चेहरा स्थिर, मिशीचा केस न् केस स्पष्ट. आणि खाली लाल पट्टी सरकत होती: 'लग्नांत भाड्याने फिरवलेली गिंबलं नवी म्हणून विकणारे हेच ते दुकानदार.'