जन्म कधी धरायचा?

"अगं, बाळंत झालीस की नाही ते तरी सांग! पेढे वाटू का?" आई फोनवर वैतागली होती.

रेणुकाने काचेच्या गर्भाशयाकडे पाहिलं. सहाव्या महिन्यातच तिच्या पोटातून तिथे हलवलेलं बाळ अंगठा चोखत होतं.

"काय सांगू आईला?" तिने डॉक्टर सबनीसांना विचारलं.

"नऊ महिने भरले की बाहेर काढू. तेव्हा जन्म धरायचा."

"आणि तोवर टिकलं नाही तर?" नवऱ्याने विचारलं.

"तर जन्म झालाच नाही, असं धरतात. टिकेल का, ते मलाही सांगता येत नाही हो."

रेणुकाचा गाऊन छातीपाशी ओला झाला होता.

"डॉक्टर, मला कालपासून पान्हा फुटतोय," ती म्हणाली. "तो कुणाचा धरायचा?"