तांब्यातलं पाणी

"उज्ज्वला, पाणी हालायलंय बघ!" अण्णांनी हाक मारली. भूकंपात घर गेलं तेव्हापासून ते धक्का कळावा म्हणून उशाशी स्टुलावर भरलेला तांब्या ठेवत.

लेक भूकंपमापन केंद्रात नोकरीला होती. जमिनीच्या रोजच्या गोंगाटातून बारीकसा धक्का संख्याशास्त्रानं वेगळा काढणं हेच तिचं काम. अण्णांचा फोन आला की ती यंत्राचे आलेख तपासायची. योगायोगापलीकडे कधीच मेळ बसला नव्हता. "मनातली भीती आहे, अण्णा," ती समजूत घालायची.

आज ती सुट्टीवर घरीच होती. हाकेसरशी तांब्यापाशी येऊन बसली. पाणी खरोखर थरथरत होतं. अण्णांचा हात स्टुलावर टेकला होता. तिनं तो अलगद उचलून ओंजळीत घेतला. पाणी स्थिर झालं.

"थांबला बघ भूकंप," अण्णा निर्धास्त हसले.

तिच्या ओंजळीत तो चालूच होता.